वर्ष वाचवणारे सबनीस

लिफ्टमध्ये भेटल्यावर सबनीस कधी 'गुड मॉर्निंग' म्हणत नसत. "डॉक्टर, वनस्पतीच्या पेशीला भिंत कशाला लागते हो?" असं विचारत. सकाळचे नऊ वाजलेले, मी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातली चोवीस तासांची ड्यूटी उरकून सँट्रीतल्या आमच्या इमारतीत परतलेली. मला स्वतःलाच भिंत लागत असायची, टेकायला.

"ऋचाला विचारा ना."

"ती झोपलीय. आधी मी शिकतो, मग तिला शिकवतो."

सबनीस नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले, इथे परदेशात आमचे शेजारी. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. ऋचाला कॉलेजसाठी अमेरिकेला जायचं होतं. शाळेत असतानाच काही विषयांची कॉलेजच्या तोडीची परीक्षा दिली, तर पुढे ते विषय माफ होतात, हे सबनीसांना कुठूनसं कळलं आणि माझी झोप उडाली. "चार विषय निघाले की अख्खं वर्ष वाचते, डॉक्टर!" हे मी पार्किंगमध्ये ऐकलंय, गणपतीच्या आरतीतही ऐकलंय.

ऋचाच्या शाळेत ही परीक्षा नव्हती. बाहेरून बसायचं केंद्र सापडलं ते मलिंगारच्याही पुढे, गाडीने दीड तासावर. सबनीस आधी एका रविवारी एकटेच जाऊन रस्ता बघून आले. परीक्षेच्या दिवशी ऋचा आत, सबनीस बाहेर गाडीत तिचंच पुस्तक उघडून बसलेले. ती बाहेर येऊन म्हणाली, "इट वॉज ग्रँड, बाबा." इथे नुसतं बरं गेलं तरी 'ग्रँड'च म्हणतात. "ग्रँड म्हणजे किती मार्क?" हे विचारत ते घरापर्यंत आले.

चारही विषय निघाले. सबनीस शिऱ्याचा डबा घेऊन दारात हजर. मी दमलेली होते, जरा वैतागूनच बोलले, "एवढी कसली घाई? चार वर्षं निवांत शिकू दे ना पोरीला."

"तीन वर्षं मी काढीन कशीबशी," ते म्हणाले. "चौथं नाही जमणार मला."

ऑगस्टमध्ये ऋचा गेली. ऑक्टोबरात एका सकाळी सबनीस त्यांच्या उघड्या दाराशी हातात फोन धरून उभे दिसले. ऋचाचा फोन येऊन गेला होता. वाचलेल्या वर्षात तिला संगीत शिकायचं होतं. म्हणजे चार वर्षं पुरी.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, कर बेटा, नक्की कर." त्यांनी हातातला फोन खिशात टाकला. "आवाज कापायला लागला, म्हणून मीटिंग आहे सांगून फोन ठेवून दिला."

मी बूट काढले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन दोघांचा चहा टाकला.