वरणावर उजेड

चव जिभेला कळते, हे अर्धसत्य आहे. उरलेली अर्धी चव डोळ्यांना कळते आणि डोळे उजेडाच्या ताब्यात असतात. हा सिद्धांत १९५४ साली नागभीड स्टेशनाबाहेरच्या वच्छलाबाईच्या खानावळीत सिद्ध झाला. तो सिद्ध व्हावा अशी वच्छलाबाईची मुळीच इच्छा नव्हती.

तिच्याकडे एक चिमणी होती. धूर पुष्कळ, उजेड बेताचा. त्यात पान दिसे, वाढणारा हात दिसे. हाताच्या मालकिणीचा चेहरा दिसत नसे. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण ओरपायला गाडी बदलणारे उतारू येत, बाजारचे शेतकरी येत. ग्रामसुधार समितीचे अध्यक्ष गुणवंतराव तर वरण तीनदा मागत (चौथ्यांदा आवाज बदलून).

समितीने ठराव केला की, सार्वजनिक भोजनस्थळी पुरेसा प्रकाश असावा, आणि गॅसबत्ती भेट दिली.

"नोको ना, भाऊ. डोळे दिपतात," वच्छलाबाई म्हणाली. उजेड कुणावर पडणार, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी बत्ती फुरफुरली आणि वरणाचं भांडं घेतलेली सुकरी लख्ख दिसली. सुकरी जंगलातल्या पाड्यावरची गोंड बाई. चार वर्षं तीच रांधत होती, तीच वाढत होती.

"वरण खारट लागून राह्यलं," गुणवंतराव म्हणाले. सबंध पंगतीला ते एकमताने खारट लागलं.

"मीठ कालच्याइतकंच हाय, भाऊ," सुकरी म्हणाली. "तुमच्या बत्तीतून तं नाई ना सांडलं?"

समितीच्या सूचनेवरून सुकरीला घरी बसवलं आणि वच्छलाबाईने स्वतः रांधलं. ती व्यवहारात पक्की होती, चुलीपाशी कच्ची (सुकरी ठेवण्याचं कारण तेच). वरण करपलं, भात टचटचीत राहिला. "आता कशी चव आली!" असं म्हणत पंगत अर्धी पानं टाकून उठली. पुढे स्तुती रोज वाढत गेली, गिऱ्हाईक रोज घटत गेलं. खानावळीला कुलूप लागायची वेळ आली.

समितीने चौकशी केली. निष्कर्ष : प्रखर प्रकाशात चव सुधारते, परंतु भूक मरते, सबब बत्ती काढावी. अहवालात सुकरीचं नाव नव्हतं. विषय प्रकाशाचा होता.

वच्छलाबाई पाड्यावर गेली. "चाल वो सुकरे."

"बत्ती गेली का?"

"गेली."

"मंग येतो. पण रोजी वाढव, बाई. आता रांधाचं एक काम अन् न दिसाचं दुसरं."

रोजी वाढली. बत्ती समितीच्या कचेरीत टांगली गेली. तिच्याखाली 'सर्व माणसे समान आहेत' हा ठराव मंजूर झाला. वर झालेला प्रत्येक हात स्वच्छ दिसला. मग सगळे भुकेने कासावीस होऊन खानावळीच्या दाराशी आले.

"बाई, चिमणी जरा बारीक करा," गुणवंतराव बाहेरूनच म्हणाले.

ज्या वाचकांना हे खोटं वाटतं, त्यांनी घरीच प्रयोग करावा. लख्ख दिव्याखाली जेवायला बसावं आणि आपल्याकडे राबणाऱ्या बाईचं पान शेजारी मांडावं. (मीठ आधी चाखून ठेवावं. नंतर अंदाज चुकतो.)