भीमावरची छत्री

पाऊस आला की माणसं छत्री डोक्यावर धरतात. आमचे शेजारी रावजीबाबा ती रावणावर धरायचे आणि स्वतः चिंब भिजायचे. मी लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा नव्या नवलाईतच हे दृश्य पाहिलं. अवेळी सर आलेली, पलीकडच्या अंगणात एक वाळका म्हातारा उघड्या डोक्याने उभा, आणि त्याच्या हातातल्या काळ्या छत्रीखाली पाटावर दहा तोंडांचा रावण ऐटीत बसलेला. मी घाबरून ह्यांना हाक मारली. ह्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं, "रावजी आहे तो," म्हणाले आणि पुन्हा दाढी करायला बसले.

रावजीबाबा सोंगं करायचे. सोंगं म्हणजे बोहाड्यात तोंडावर बांधून नाचतात ते मुखवटे. आमच्या संस्थानात उन्हाळा लागला की गावोगावी बोहाडा, म्हणजे सोंगं नाचवायचा उत्सव, व्हायचा. गणपती, नरसिंह, त्राटिका, भीम, वेताळ, एकेक सोंग एकेका घराण्याकडे. बापाने नाचवलं ते मुलाने नाचवायचं. कुणाच्या गणपतीचा रंग उडाला, कुणाच्या त्राटिकेचं नाक मोडलं, की ती मंडळी टोपलीतून रावजीबाबांच्या घरी यायची.

मुखवट्यांसाठी कागद लागायचा, तो कचेरीतून यायचा. हे दरबारात कारकून. तिथली रद्दी रावजीबाबा मेथ्या घालून भिजवायचे, कुटायचे आणि चिंचोक्यांच्या खळीत मळून तिची तोंडं घडवायचे. त्यामुळे रावणाच्या गालात कुणाचा तरी जमिनीचा अर्ज असायचा आणि त्राटिकेच्या हनुवटीत वरिष्ठांची एखादी खरमरीत ताकीद. "आमच्या कागदांचं चीज झालेलं मी फक्त रावजीकडे पाहिलं," असं हे म्हणायचे.

बाबांना एक खोड होती. हाताशी येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोटान ओल हाय." म्हणजे वरून वाळलंय, आतून अजून ओलं आहे. मुखवट्याच्या बाबतीत हे ठीक होतं. पण बाबा दारावर टकटक करत, भोपळ्यावर करत, आमच्या नव्या कपाटावर करत. ह्यांना खोकला झाला तेव्हा पाठीवर टकटक करून "कारकूनसाहेबाच्या पोटान ओल हाय" असं त्यांनी सांगितलं, आणि हे दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. निकाल बरोबर यायचा असं मात्र मुळीच नव्हतं. एकदा फणसावर टकटक करून "पिकला, काप" म्हणाले. कापला तर पांढरा फटक. त्याची भाजी आम्ही दोन्ही घरांनी कंटाळा येईस्तोवर खाल्ली.

मला ते कारकूनबाय म्हणत. घरात ते एकटेच. बायको पटकीच्या साथीत गेलेली, मूलबाळ नाही. पण माघापासून चैत्रापर्यंत त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ असायची. भिंतीवरच्या खुंट्यांवर देव आणि राक्षस दाटीवाटीने लटकलेले, आणि बाबा त्यांच्याशी सारखे बोलत असत. "नरशा, डोळे वटारू नको, तुझा रंग उद्या." "गणपती, तुला पडसं झालंय, तू वाऱ्यावर बसू नको." एवढी माया, पण बोहाडा बघायला मात्र ते कधी गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "माझी सोंगं दुसऱ्याच्या तोंडावर मना बघवत नाय." मला ते पटायचं. कलावंत माणूस, असेल काही लहर.

एका वर्षी चैत्र सरता सरता एक चमत्कारिक आठवडा आला. सकाळपासून अंगाची नुसती घालमेल. पदराने घाम पुसावा तर पदरच ओला. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं, पापड लुगड्यासारखे मऊ पडले, आणि काडी पेटवायची तर अर्धी पेटी संपायची. दुपार कलली की पोशेरा गावाच्या बाजूने आभाळ काळं होऊन यायचं, पाचोळ्याची वावटळ रस्ताभर नाचायची, कडकडाट व्हायचा, चार टपोरे थेंब नाहीतर मूठभर गारा पडायच्या आणि पुन्हा तोच उकाडा. सगळ्या गावाला कशावरून तरी कुणाचा तरी राग आलेला होता. हे कचेरीतून आले की मी भांडायचे, नाही आले तर उशीर का म्हणून भांडायचे.

बाबा सरळ आभाळाशीच भांडत. अंगणात कमरेवर हात ठेवून वर बघायचे आणि ओरडायचे, "तुला यायचं त जेठान ये! आता काय काम हाय तुझं?" मग आम्हाला खात्रीने सांगायचे, "आज नाय येत तो. भ्याला." ते आत वळतात न वळतात तोच गडगडाट व्हायचा आणि ते छत्री घेऊन बाहेर धावायचे.

छत्री भीमासाठी. बाकीची सगळी सोंगं आपापल्या गावी गेली होती. खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या. उरला होता पोशेऱ्याचा भीम, आणि त्याच्यासाठी आलेली लखमी.

लखमी मोठी खमकी बाई. वय झालेलं, पण चाल अशी की रस्त्याने बाजूला व्हावं. जव्हारच्या खालच्या पाड्यात तिची बहीण होती, तिच्याकडे ती मुक्कामाला राहिली होती, आणि रोज दुपारी बाबांच्या ओटीवर येऊन बसायची. तिचं काय अडलं होतं ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"पोऱ्याचा बा भीम नाचवायचा, बाय. तो गेला आन् भीम माळ्यावर पडला. उंदरानं आर्धा खाल्ला. आता पंच सांगतात, औंदा भीम आला नाय त मान दिराच्या घरी जाल. माझा देवजी आता जाणता झाला. रानात कूपावर लाकडं तोडाया गेलाय, येल शुक्रवारी. शनवारी बोहाडा हाय."

"मान दिराकडे गेला तर काय होईल?" मी विचारलं.

"काय होल? सगली घरं नाचतील आन् आम्ही बघत बसू," ती म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "भीम नाचला का मना फक्त पाय दिसायचे. घरधन्याचे पाय. औंदा पोऱ्याचे दिसतील."

मी उठून पाणी आणायला आत गेले. मला रडू लवकर येतं.

रोज तोच संवाद व्हायचा. "बाबा, सुकला का?" टकटक. "पोटान ओल हाय." "काल बी होती." "आज बी हाय." लखमी चिडायची, पण चिडून गप्प बसणारी ती नव्हे. तिने बाबांची ओटी सारवली. कोपऱ्यातली जळमटं काढली. वादळाने पडलेल्या कैऱ्या पदरात भरून आणल्या, नागलीची भाकर थापून कैरीच्या ठेच्याबरोबर त्यांच्यापुढे ठेवली. दोघं जेवताना मोठमोठ्याने भांडत. "भाकर जाड झाली." "त खाऊ नको." "खातो ना!" मी माझ्या ओटीवर तांदूळ निवडत ऐकायचे. त्या घामट आठवड्यात ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

पण मला एक गोष्ट खटकत होती. बाबांची संगत लागून मीही टकटक करायला शिकले होते. गुरुवारी सकाळी त्यांच्या ओटीवरून जाताना भीमाच्या कपाळावर पेर मारलं, तर खणखणीत आवाज आला. आणि दुपारी लखमीपुढे बाबा म्हणाले, "पोटान ओल हाय." तेव्हा आवाज खरोखरच बद्द आला. मला वाटलं, दमट हवा, माझाच कान चुकला असेल.

शुक्रवारी लखमी यायच्या आधी मी चाळण परत द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत बाबा पाठमोरे बसले होते. मांडीवर भीम पालथा, शेजारी पाण्याची वाटी, आणि बाबा ओल्या फडक्याने त्याच्या आतल्या बाजूवरून हळूहळू हात फिरवत होते.

"बाबा!" मी ओरडले. "हे काय करताय?"

ते दचकले नाहीत. त्यांनी फडकं वाटीत ठेवलं. मग म्हणाले, "सुकला का जातो, कारकूनबाय. तो गेला का ती जाते. मग माघापत्तर ह्या घरान कोण येतं?"

इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून मी समजत होते, बाबांना माणसांपेक्षा सोंगंच प्यारी. बोहाड्याला का जात नाहीत, तेही त्या क्षणी कळलं. सगळ्यांबरोबर जायचं आणि परत मात्र एकट्याने यायचं.

"आज तिच्या हातान देणारच होतो," ते म्हणाले. "उनान ठेवला का घडीभरान वाळतो."

पण त्या दिवशी ऊन पडलंच नाही. आभाळ सकाळपासून काळं होतं, आणि रोजच्या फडक्याने आतला कागद आता पापुद्र्यासारखा सुटायला लागला होता. बाबांनी हनुवटी दाबली, तर बोट आत गेलं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग जागच्या जागी विरला. उद्या ते सोंग कोण बांधणार? नाचता नाचता भीमाचा जबडा गळून पडला, तर लखमीच्या पोराची गावात काय शोभा राहणार?

"उठा," मी म्हटलं. "माझी चूल पेटलेली आहे."

सासूबाईंचं सोवळं कडक, पण त्या पनवेलला होत्या म्हणून निभावलं. दह्याचं मडकं खाली उतरवलं आणि चुलीवरच्या शिंक्यात भीम बसवला. फार खाली धरला तर रंग तडकतो, वर ओढला तर ऊब लागत नाही. बाबा सुटलेल्या जागी खळ भरत होते, दाबत होते, दोरी वर-खाली करत होते. मी लाकडं सारत होते. घामाने दोघांची आंघोळ झाली. तेवढ्यात हे जेवायला आले. पाटावर बसून वर पाहिलं, तर भीम मोठे डोळे करून ह्यांच्या ताटाकडे बघतोय. ह्यांनी आमटीभात भराभर संपवला आणि ताक न घेताच उठले.

मागोमाग लखमी आली. तिच्याबरोबर कूपावरून परतलेला देवजी, उंचापुरा, लाजरा. बाबांची ओटी रिकामी पाहून ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"भीम चुलीवर?" तिने विचारलं.

मी काहीतरी सारवासारव करणार होते. पण बाबाच बोलले. "मी रोज पाणी लावलं त्याला. तो मंगलवारीच वाळला होता."

लखमीने एकदा भीमाकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. मग तिचा पारा चढला. "माझ्या पोऱ्याचा मान जाता ना, बाबा! का केलास असा?"

बाबा खाली बघत म्हणाले, "तू येतीस ना रोज."

चुलीतलं लाकूड तडतडलं. देवजी भिंतीकडे वळून उगाच माझं जातं न्याहाळू लागला. लखमी उंबऱ्यावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली, घाम होता का आणखी काही, मला दिसलं नाही.

"येडा हायस," ती शेवटी म्हणाली. "तसा सांगायचा ना. मी काय भीम सुकला म्हणून यायची थांबन?" मग उठून माझ्या हातातलं लाकूड घेतलं. "सर बाय, तुना जाळ नाय येत करता."

शनिवारी सकाळी बाबांनी टकटक केली. कान लावला. लखमीनेही लावला, देवजीने लावला, मी लावला, आणि हे कचेरीत जाता जाता थांबले, त्यांनीही लावला. आवाज खणखणीत आला. बाबांनी हनुवटीवरचा रंग नीट केला, मिशीला काळं लावलं आणि भीम लखमीच्या ओटीत दिला. मग सवयीप्रमाणे ते त्या रिकाम्या खुंटीकडे बघत उभे राहिले.

लखमी पायऱ्या उतरली नाही. "चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"पोशेऱ्याला. आमच्यान सोंग बांधताना मागची गाठ घरच्या म्हाताऱ्यानं मारायची असते. पोऱ्याचा बा नाय. गाठ कोण मारल?"

"तुझा दीर हाय ना."

"तो कसा मारल? त्याला त मान पायजे. ढिली मारल तो." ती हे इतक्या गंभीरपणे म्हणाली की देवजीलाही हसू आलं. "तूच बिघडवलास, तूच बांध."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा की. घर मी बघते." ते आत गेले, धुतलेलं धोतर नेसून आले, आणि छत्री घेतली.

वेशीच्या उतारापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. तिथेच नेहमीसारखं आभाळ गडगडलं आणि सर आली. बाबांनी घाईघाईने छत्री उघडली आणि हात लांब करून लखमीच्या काखेतल्या भीमावर धरली. स्वतः भिजू लागले.

लखमीने घोंगडीत गुंडाळलेला भीम देवजीकडे दिला आणि बाबांच्या हातातून छत्री काढून घेतली.

"भीमावर धर, भीमावर!" बाबा ओरडले.

"त्याला घोंगडी हाय," ती म्हणाली, आणि छत्री बाबांच्या डोक्यावर धरली.

स्वतःच्या छत्रीखाली उभं राहायची त्यांना सवय नव्हती. हातांचं काय करावं तेच त्यांना कळेना. चार पावलं अंग चोरून चालले, मग मागे वळून मला ओरडून सांगितलं, "कारकूनबाय, दाराला कडी लाव. मना परत यायला दिस लागतील."