दहापैकी किती?

माझ्या टाचेमागची शीर दुखायला लागली तेव्हा मी एक गोष्ट ठरवली. इलाज काहीही असो, आपण हूं की चूं करायचं नाही. कारण सोबत बायको येणार होती. (रक्त तपासायला गेलो की सुई टोचायच्या आधीच मी ओरडतो, हे ती चार नातेवाइकांत साभिनय सांगते.)

फिजिओथेरपिस्ट बाईंनी शॉकवेव्हचं यंत्र पुढे ओढलं.

"नेमकं दुखतं तिथेच धक्के द्यायचे असतात. दहापैकी किती दुखतंय ते सांगत राहा."

यंत्र ठकठकलं आणि मला ब्रह्मांड आठवलं.

"किती?"

"शून्य."

बाईंनी यंत्र जरा वर सरकवलं. "इथे?"

"शून्य."

असं करत यंत्र पोटरीपर्यंत पोचलं. तिथे खरोखरच काही होत नव्हतं. पण सगळीकडे शून्य म्हटलं तर खोटं वाटेल, म्हणून मी "पाच" म्हणालो. बाईंनी लगेच तिथे पेनाने फुली मारली आणि माझ्या निरपराध पोटरीला दोन हजार ठोके दिले. पुढचे दोन आठवडेही तेच.

घरी व्यायाम होताच. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या, पंधरा-पंधरा वेळा. (मी वर येतोय असं समजून वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात ताटकळले, मग चिडून मला ढकलून गेले.)

चौथ्या आठवड्यात बाईंनी पाय दाबून पाहिला. "काडीचा फरक नाही. सर्जनकडे पाठवते. कदाचित ऑपरेशन करावं लागेल."

माझा सगळा शूरपणा गळाला. "बाई, शून्य म्हणालो ना, तिथे नऊ होतं!"

"आणि पाच म्हणालात तिथे?"

"तिथे... शून्य."

बाई बायकोकडे वळल्या. "तुम्हाला कल्पना होती?"

"पहिल्या दिवसापासून. चेहरा बघत होते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांना दुखत होतं आणि हे गप्प होते. म्हटलं, थोडं सुख भोगून घ्यावं."

सर्जन टळला. बाईंनी यंत्र खऱ्या जागी टेकवलं आणि मला सोडून बायकोला विचारलं, "किती?"

"दहा! दहा!" मी ओरडलो.

बायकोने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"सहा," ती म्हणाली. "वाढवा अजून."