पेशंट पुढच्या सीटवर

गजभिये साहेबांच्या गाडीत पुढची सीट माणसांना मिळत नाही. तिथे पेशंट बसतो. पेशंट म्हणजे कधी चिनी मातीची फुलदाणी, कधी कुणाच्या पणजोबांचं लोलकांचं झुंबर. रजईत गुंडाळलेला, बेल्ट लावलेला. आम्ही मागे.

साहेब मूळचे नागपूरचे, फरीदाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एकटेच. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हे काम धरलं: नाजूक जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सुखरूप पोचवायच्या. स्पीडब्रेकर आला की आधी पेशंटला सांगतात, "जरा धक्का बसेल हं." मागून कुणी हॉर्न वाजवला तर खिडकीतून डोकं बाहेर, "भाईसाब, अंदर मरीज है!" एकदा ट्रॅफिक हवालदाराने घाईघाईने वाट मोकळी करून दिली. आत झुंबर होतं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "हालत नाजूक है."

परवा मलाही घेऊन गेले. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ एक म्हाताऱ्या बाई घर विकून लहान फ्लॅटमध्ये चालल्या होत्या. त्यांच्याकडचं काचेवर रंगवलेलं चित्र गुरुग्रामला न्यायचं होतं. बाईंनी पदराने काच पुसली. "बहू की तरह ले जाना," म्हणाल्या.

"बिल्कुल, माताजी."

गुरुग्रामच्या गृहस्थांनी रजई उघडूनही पाहिली नाही. "उधर रख दो," म्हणत बुटांच्या कपाटाशेजारी बोट दाखवलं. साहेब घुटमळले. "यहाँ पैर लगेगा, सर..."

"हाँ हाँ, देख लेंगे." दार लागलं.

खाली गाडीत येऊन साहेबांनी बाईंना फोन लावला. स्पीकरवर. "पहुँच गई, माताजी. बैठक में लगाई है. सबको बहुत पसंद आई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काचेवरचा वायपर बघत होते.

"जीते रहो, बेटा," बाई म्हणाल्या. "घर पहुँचकर फोन करना."

"मैं?"

"और कौन?"

अरवलीच्या डोंगरातून फरीदाबादला परतत होतो. साहेब मध्येच म्हणाले, "खरंच करायचा का फोन? की त्या उगाच बोलल्या असतील?"

"करा ना. सांगितलंय त्यांनी."

वर आलो. मी माझं दार उघडलं, तेव्हा साहेबांच्या कानाला फोन होता. "माताजी, मैं पहुँच गया." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. "नहीं, अभी नहीं खाया... हाँ, खिचड़ी बना लूँगा... नमक कम, जी."

त्यांच्या दाराचं कुलूप काढायचं राहूनच गेलं होतं. किल्ली हातात घेऊन ते तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.