लोखंडी तासात अकॉर्डियन

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बर्फाळ उत्तरेतल्या हापावारा गावच्या रेडिओवर, 'लोखंडी तास' या मेटल गाण्यांच्या ऐन कार्यक्रमात, अकॉर्डियन वाजू लागलं. टँगो! तोही संथ, रडवेला, चाळीस वर्षांपूर्वीच्या नाचघरातला. साऱ्या गावाला तो ऐकू आला. ऐकू आला नाही तो फक्त कार्यक्रम चालवणाऱ्या तूइया केतोलाला आणि तिच्यासमोर बसलेल्या तीन परीक्षकांना.

त्या दिवशी सकाळी तूइया भलत्याच जोरात होती. "आज असं भांडण लावते बघ," तिने मालकाला बजावलं, "की लोक रस्त्यात गाड्या उभ्या करून ऐकतील!"

मालक म्हणजे ओस्मो रिस्सानेन. गावातलं टायरचं दुकान त्याचं आणि रेडिओही त्याचाच. दोन्ही धंदे त्याच्या मते एकच: हवा भरायची आणि विकायची.

"कोण भांडणार?" ओस्मोने विचारलं. "तुझ्या लोखंडी तासाला वर्षभरात किती फोन आले? एक! आणि त्याला पिझ्झावाला हवा होता."

"लोक ऐकतात रे. नवं गाणं लागलं की लाकूडतोडे यंत्र बंद करतात."

"ऐकतात, पण बोलत नाहीत! गप्प बसणाऱ्या श्रोत्यांवर मी जाहिराती कशा विकू? टँगोवाले बघ. एक सूर चुकला तर तासभर फोन सोडत नाहीत." ओस्मोने टोपी कानावर ओढली. "आज फोन वाजले तर तास तुझा. नाही वाजले तर पुढच्या शुक्रवारपासून टँगो. मी दुकानात ऐकत बसतोय."

तूइयाने हा तास बारा वर्षं चालवला होता. या तासासाठी तिने राजधानीतली नोकरी नाकारली होती आणि एका टँगोप्रेमी माणसाशी ठरलेलं लग्नही मोडलं होतं. तेव्हा आता माघार घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तिची योजना बिनतोड होती. गावातली तीन परस्परविरोधी माणसं बोलवायची, त्यांना रेडिओवर सध्या वाजणारं एक नवं गाणं ऐकवायचं, आणि शाळेतल्यासारखे चार ते दहा गुण द्यायला लावायचे. चार म्हणजे नापास. मग श्रोत्यांनी फोनवर आपापले गुण द्यायचे. आग लागायला आणखी काय हवं!

पहिला परीक्षक पेंट्टी, ओंडक्यांचा ट्रक चालवणारा. ट्रकमध्ये तो इतक्या मोठ्याने मेटल लावतो, की समोरून येणारी रानरेड्याएवढी हरणं स्वतःहून रस्ता सोडतात. दुसरी सातु, चर्चची पादरीण. गिटार आणि ड्रमच्या गजरात प्रार्थना घेणारी, त्यामुळे निम्मं गाव तिच्यावर खूश आणि निम्मं बिशपांकडे तक्रार करणारं. तिसऱ्या आउनेबाई. निवृत्त गणितशिक्षिका. मेटलच्या ठेक्यावर मोजे विणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि त्यांच्या हाताखालून न गेलेलं माणूस गावात शोधून सापडायचं नाही.

तिघांनी दाराशी बूट काढले, लोकरीच्या मोज्यांवर आत आले. पेंट्टीने आपला गादीएवढा कोट खुंटीला टांगला. बाहेर उणे अठ्ठावीस अंश होतं. तूइयाने कॉफी ओतली.

"बाई, तेवढ्या सुया बाजूला ठेवाल का?" तिने आउनेबाईंना विनवलं. "माइकमध्ये टिकटिक जाते. लोकांना वाटेल, रेडिओ बिघडलाय."

"पाचाच्या ठेक्यात विणते मी, तुला तो कळावा म्हणून," बाई फणकारल्या. पण सुया पिशवीत गेल्या. इथेच घात झाला.

कारण ओस्मोने गेल्या उन्हाळ्यात स्टुडिओबाहेरच्या बोळात यंत्राची एक पेटी बसवली होती. त्याआधी झालं होतं असं, की सकाळचा निवेदक लांब गाणं लावून रानात बेरी खुडायला गेला आणि दरवाजा मागून बंद झाला. अर्धा तास रेडिओ मुका! तक्रार एकही आली नाही, उलट दोघांनी कार्यक्रम आवडल्याचं कळवलं. पण ओस्मो हादरला. आता अर्धं मिनिट काही आवाज झाला नाही, की पेटी आपोआप साठवणीतलं गाणं पुन्हा पुन्हा सोडायची आणि स्टुडिओच्या भिंतीवरचा लाल दिवा लागायचा. परत कार्यक्रमावर यायचं तर बोळात जाऊन बटण दाबावं लागे. दिवा होता खुंटीशेजारी. आणि खुंटीवर, आता तुम्ही ओळखलंच असेल, पेंट्टीचा कोट!

चार वाजता तूइयाने गाणं लावलं. 'बर्फाखालचं घर'. एका नव्या बँडचं. आधी नुसता वारा. मग ड्रम, जणू कोणी शंभर पिंपं जिन्यावरून सोडली आहेत. मग गायक घशाच्या तळातून गुरगुरला, आणि शेवटी अचानक सगळं थांबून एक कोवळा आवाज एकच ओळ म्हणतो, "दार उघडंच आहे". संपलं.

"काय मग?" तूइयाने विचारलं. "कसं वाटलं?"

आता, हापावारात चांगल्या गोष्टीवर कोणी तडक बोलत नाही. तो अपमान समजला जातो. पेंट्टीने कॉफीच्या कपात पाहिलं. सातुने खिडकीबाहेर पाहिलं. आउनेबाईंनी चष्मा काढला. पेंट्टीने मोज्यातल्या पायाने जमिनीवर ठेका धरला, ज्याचा अर्थातच काही आवाज झाला नाही. मग त्याने श्वास आत ओढत "यो" म्हटलं. आमच्याकडे मनापासून 'हो' म्हणायचं ते असंच, गरम कॉफीचा घोट घ्यावा तसं आत ओढून. माणसाला ते ऐकू येतं. यंत्राला येत नाही.

सातुनेही आत ओढलं. "यो."

आउनेबाईंनी तर दोनदा ओढलं. तूइयाच्या अंगावर काटा आला. बारा वर्षांत इतकी रंगलेली चर्चा तिने पाहिली नव्हती! विचार करणाऱ्याला मध्येच टोकायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. तिनेही एक 'यो' आत ओढला.

बोळात पेटीने "टक्" केलं. कोटाखाली दिवा लागला. गावात टँगो सुरू झाला.

आणि पेंट्टी बोलला.

"गाणं चांगलंय," तो म्हणाला. "म्हणूनच राग आला."

"राग?" सातु वळली.

"हल्लीच्या गाण्यांत ड्रम वाजवतं कोण? कॉम्प्युटर! प्रत्येक ठोका कारखान्यातल्या सॉसेजसारखा, एकाला झाका नि दुसऱ्याला काढा. माझ्या ट्रकचं इंजिनसुद्धा कधीतरी चुकतं. या पोराचा मात्र शेवटाकडे हात चुकला. चुकला! माणूस आहे तो! मग बाकीचे काय झोपलेत?"

"चुकला नाही तो, पेंट्टी," आउनेबाई कडाडल्या. "तिथे सातचा ठेका पाचावर येतो. नववीतही तुला अपूर्णांक जमले नव्हते!"

"बाई, त्याला चाळीस वर्षं झाली!"

"अपूर्णांक तेच आहेत!"

"ठेका कसले मोजताय!" सातुने टेबलावर मूठ आपटली. "सगळे आजकाल सैतान, राख, कावळे हेच गातात. कावळ्यांचाही जीव गेला असेल कंटाळून! हा पोरगा म्हणतो, दार उघडंच आहे. माझ्या साऱ्या वर्षाच्या प्रवचनांत इतकं नाही. दहा!"

"मला गुरगुरणं कळलं नाही म्हणून नऊ," पेंट्टी म्हणाला.

"उणे तीसला सुरू होणारी तुझी गाडी कळते, आणि हा कळत नाही?"

"गाडीला मी शिव्या देतो. याला कशा देऊ?" असं म्हणून पेंट्टी रडला. ओंडक्यांचा ट्रक चालवणारा, सहा फुटी पेंट्टी! आउनेबाईंनी अर्धा मोजा त्याला डोळे पुसायला दिला. तूइयाने वाद मिटवायला शेवटची ओळ पुन्हा लावली, आणि वाद आणखी भडकला. जन्माचं सार्थक झालं, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरी लाइन. मग सगळ्याच!

"रेडिओ बारीक करा आणि बोला," तूइयाने नेहमीची सूचना दिली. श्रोत्याने इमानदारीत रेडिओ बंद केला.

"पहिल्यांदा काहीतरी ऐकण्यासारखं लावलंत," एक जाडा आवाज म्हणाला. "केवढी हिंमत! ट्रॅक्टर थांबवला मी."

"गायक कसा वाटला?"

"दुःखी. गाय मेल्यासारखा."

"हेच! हेच म्हणत होतो आम्ही! गुण?"

"दहा."

पुढची एक बाई होती. "आधी कळलं नाही. पण तुम्ही तेच पुन्हा लावलंत ना, तेव्हा चढलं. आमची आई नाचली."

तूइया चमकली. "या गाण्यावर? किती वर्षांची आहे?"

"एक्क्याऐंशी."

"तिला काही झालं नाही ना?"

"झालं तर! वडिलांची आठवण झाली. दहा घाला."

मग मेटलवाला पोरगा, कपड्यांपासून आवाजापर्यंत काळा असावा असा. "हल्ली सगळे वेगामागे धावतात. हे इतकं संथ, इतकं जड, की छाती दबली. ड्रमशिवाय! यापेक्षा काळोखं काही मी ऐकलेलं नाही."

"ड्रमशिवाय?" पेंट्टी पुटपुटला. "आपण कुठलं ऐकलं?"

"ड्रमच्या पलीकडे पोचला तो," सातुने समजावलं. "होतं असं."

तूइया दहामागे दहा लिहीत गेली. ओस्मो दुकानात ऐकत असेल, टायरवर बसून त्याचं तोंड वाकडं झालं असेल, या विचाराने तिला गुदगुल्या होत होत्या.

त्याच क्षणी दार उघडून ओस्मो आत आला. बूट न काढता! हातात वेलचीच्या गोड पावांची पिशवी, आणि डोळे लाल.

"तूइया," तो म्हणाला, "तू माझं गाणं लावलंस."

"कुठलं गाणं?"

"आता लाजू नकोस! तरुणपणी मी वाजवलेलं. एकदाच भरलं होतं टेपवर, कोणी वाजवायला घेतलं नाही. पेटीत ठेवायला फुकटचं काहीतरी हवं होतं, म्हणून तेच टाकलं. आणि तू ते शोधून काढलंस! मेटलच्या तासात, एकदा नाही, लागोपाठ वाजवतेयस! दुकानात गिऱ्हाइकं टायर सोडून उभी आहेत. माझी बायको फोनवर रडतेय." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "आणि लोक फोन करतायत?"

"करतायत," तूइया म्हणाली.

"गुण?"

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग खुंटीकडे. कोटाच्या बाहीतून लाल उजेड झिरपत होता.

अपघात होता म्हणावं, तर तास संपला. गप्प राहावं, तर साऱ्या चर्चेवर पाणी, आणि 'बर्फाखालचं घर'चे दहाही खोटे. समोर ओस्मो, शाळेच्या निकालाच्या दिवशी उभ्या राहिलेल्या मुलासारखा.

पेंट्टीलाही दिवा दिसला. पेंट्टी आयुष्यात खोटं बोललेला नव्हता. आणि एरवी उत्तराला पाव तास घेणारा हा माणूस, नेमका आता तत्काळ बोलायला निघाला!

"ओस्मो," तो म्हणाला, "खरं सांगायचं तर..."

सातुने वेलचीचा पाव त्याच्या तोंडात कोंबला. पादरीण असल्यामुळे तिचा हात स्थिर होता.

"दहा," तूइया म्हणाली. "जवळपास सगळ्यांनीच."

ओस्मोने श्वास आत ओढला. "यो." मग तो खाली बसला आणि बूट काढू लागला. तूइया हळूच बोळात गेली आणि बटण दाबलं. रेडिओवर पुन्हा स्टुडिओ आला. श्रोत्यांना पहिला आवाज ऐकू आला तो पेंट्टीच्या चघळण्याचा.

त्यानंतरच्या आठवड्यात कळलेल्या गोष्टी अशा. लोखंडी तास बंद होणार नाही; ओस्मोने तो दोन तासांचा केला आहे. श्रोत्यांच्या क्रमवारीत टँगो पहिला आहे. 'बर्फाखालचं घर'ला एकही गुण मिळालेला नाही, आणि त्या बँडच्या ड्रमरने 'परीक्षक काय म्हणाले?' असं विचारायला तीनदा फोन केला. तूइया त्याला सांगते, "भरपूर बोलले." हे खरंच आहे. काय बोलले ते ऐकणारं मात्र त्या चौघांखेरीज कोणी नाही, आणि चौघांना विचारलं तर पेंट्टी अजून विचार करतोय.

ओस्मोने काळं कातडी जॅकेट घेतलं आहे. दंडात घट्ट होतं, पण अकॉर्डियन ओढताना शिवण उसवत नाही, असं त्याचं म्हणणं. आज चार वाजता तो आपलं दुसरं गाणं घेऊन परीक्षकांसमोर बसणार आहे आणि प्रत्येकाला, तूइयालासुद्धा, थेट प्रक्षेपणात मत विचारणार आहे. प्रामाणिक मत हवं, असं त्याने दोनदा बजावलं आहे.

तास वाचला, एवढं नक्की. त्यातलं लोखंड वाचलं का, हे ही ओळ लिहीपर्यंत समजलेलं नाही. तूइया सकाळपासून स्टुडिओचं दार लावून बसली आहे आणि तिने फोन काढून ठेवला आहे.