आत्याचं नख आणि विमानाची टाकी

आमची सरूआत्या कुठल्याही वस्तूला आधी नख लावते आणि मग तिच्याविषयी मत देते. उजव्या अंगठ्याचं तेवढं एक नख तिनं वाढवलेलं आहे, बाकीची बारीक कापलेली. दुधी भोपळ्याला नख लावून बघणाऱ्या बायका केडगावच्या बाजारात पुष्कळ सापडतील, पण आत्या भोपळ्यावर थांबत नाही. माझ्या लग्नानंतर सासऱ्यांनी हौसेनं सोफा पाठवला, तर तिनं व्याह्यांदेखत त्याच्या हाताला नख लावलं आणि "भुसा हाय" असं सांगून चहा प्यायली. दिवाळीपर्यंत सोफा बसला. तेव्हापासून माझी बायकोसुद्धा काहीही घेताना आत्याला बरोबर नेते.

मत देण्याचे तिचे शब्द दोनच. वाईट वस्तू म्हणजे 'भुसा' आणि चांगली म्हणजे 'धोंडा'. तुम्ही म्हणाल, टणक वस्तूला सरळ दगड का म्हणत नाही? नाही म्हणणार, कारण मामांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं नाव दगडू. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे आपल्याकडच्या जुन्या बायका पाळतातच, पण आत्यानं ते नाव ज्या ज्या शब्दात शिरतं ते सगळे शब्दच वाळीत टाकले. काळ्या मसाल्यासाठी दगडफूल हवं असलं तर दुकानदाराला ती "त्ये काळं फूल द्या" म्हणते. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांना ताटकळत ठेवून शेवटी तिनं मुकाट घास भरवला, असं माझे वडील सांगायचे.

तर या दगडूमामांनी रिटायर झाल्यावर विमान बांधायला काढलं. मामा एमआयडीसीत फिटर होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी दोन माणसांचं, फायबरचं विमान मांडलं. पंख शेडमध्ये मावेनात म्हणून एक भिंत पाडली. दगड कुठं उडतो का, हा विनोद केडगावातल्या प्रत्येकानं करून घेतला, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. मी मात्र पहिल्यापासून पाहुण्यांना जेवणाआधी शेडमध्ये नेत आलो आहे. आपल्या आत्याच्या घरी विमान आहे, हे सांगण्यात जी मजा आहे ती दोन मजली बंगल्यात नाही.

आत्याला त्यात काडीचा रस नव्हता. मामांचं 'यंत्र' चाललंय, तेवढंच त्यांचं दुपारचं घोरणं ऐकायचं वाचलं, असं ती म्हणायची. पण एकदा चहा द्यायला आली असताना तिनं सहज विचारलं की पेट्रोलची टाकी कुठं येणार. मामांनी सीटच्या मागची जागा दाखवली.

"म्हंजी तुमी पेट्रोलला पाठ लावून बसनार," आत्या म्हणाली. कपबशी खाली ठेवली आणि टाकी आपण करणार असं सांगून टाकलं. मामा हसले. आत्या हसली नाही.

अशी टाकी काचेच्या कापडाची करतात. कापडावर एपॉक्सी रेझिन चोपडायचं, त्यावर पुन्हा कापड, पुन्हा रेझिन; त्यात हार्डनर घातलेला असतो, त्यानं ते वाळून घट्ट होतं. हे काम एखादी बाई चार दिवसांत शिकेल. खरी मेख पुढे आहे. बरीचशी रेझिनं पेट्रोलात राहून राहून फुगतात, मऊ पडतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे नळीत अडकले की इंजिन बंद, आणि विमान रस्त्याकडेला उभं करून ढकलता येत नाही. मग कुठलं रेझिन टिकेल हे कळायचं कसं?

आत्याच्या लोणच्याला केडगावात तोड नाही. तिनं लोणच्याचाच मार्ग धरला. जेवढ्या जातींची रेझिनं मिळाली तेवढ्यांचे वाळलेले तुकडे केले आणि पेट्रोल भरलेल्या बरण्यांत मुरत घातले. बरण्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. त्या खोलीला तिनं सोवळं लावलं: काडेपेटी नाही, मोबाईल नाही, उदबत्ती नाही, आणि बिडी ओढतात म्हणून मामा तर अजिबात नाहीत. अधूनमधून तुकडा बाहेर काढायचा, पुसायचा, नख लावायचं. नख रुतलं की भुसा.

बरण्या लोणच्याच्याच असल्यामुळे त्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या होत्या, आणि रेझिनांना तीच नावं पडली. घरात "लिंबू फुगलं", "मिरचीचा पार चिखल झाला" अशी बोलणी चालायची. पुण्याच्या रेझिनवाल्याला आत्यानं फोनवर "कैरीचा मोठा डबा पाठवा" सांगितलं तेव्हा त्यानं नम्रपणे राँग नंबर म्हणून फोन ठेवला. पुढे तो इतका तयार झाला की स्वतःच विचारायचा, "काकू, लिंबू कसं आहे?"

कैरी टिकली. कितीदा नख लावलं तरी ओरखडा नाही. आत्यानं "धोंडा" म्हटलं, आणि कैरीची टाकी तयार होऊन विमानात बसली. मामांनी मिरजगावला भावाच्या रानात इंजिन चालवून दाखवायचा बेत ठरवला. उडायच्या परवानगीचे कागद अजून फिरत होते, पण इंजिन जमिनीवर चालवायला काय हरकत होती? सगळे पाहुणे, भावकी, केडगावातले विनोद करणारे, सगळ्यांना निरोप गेले.

टाकी झाली तरी आत्यानं कैरीची बरणी उपसली नव्हती. उडून गेलेल्या पेट्रोलच्या जागी ती पंपावरचं ताजं घालत राहिली. कार्यक्रम तोंडावर आलेला असताना एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली आणि तळहात पुढे केला. त्यावर कैरीचा तुकडा होता आणि तुकड्यावर नखाची स्पष्ट कोर.

मी रेझिनवाल्याला फोन लावून दिला. त्यानं पहिला प्रश्न विचारला की पेट्रोल कुठलं. मग समजावून सांगितलं की आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल जास्त असतं, आणि नुसत्या पेट्रोलला दाद न देणारी ही जात त्या स्पिरिटपुढे मऊ पडते. इथेनॉल येतं उसापासून. मामांच्या भावाचा ऊस जातो श्रीगोंद्याकडच्या कारखान्याला. आत्यानं ही सगळी साखळी तिथल्या तिथे जुळवली आणि शेडमध्ये जाऊन मामांना म्हणाली, "तुमच्याच भावाच्या उसानं तुमची टाकी खाल्ली."

मामांचा चेहरा मला बघवेना. टाकी अजून गळत नाही, म्हणाले. विमान उडवायचं थोडंच आहे, नुसतं इंजिन फिरवायचंय, एवढा दिवस निभावून नेऊ. लोकांना बोलावून बसलोय, आता काय तोंड दाखवायचं?

आत्यानं भिंतीवरची लोखंडी करवत काढली. मामांनी ती धरली.

"लोकं पुन्यांदा बोलावता येत्यात," आत्या म्हणाली. "तुमाला कुठनं बोलावू?"

मामांनी करवत सोडली. टाकी तिनं स्वतः कापून काढली आणि मी निरोप फिरवायला फोन घेऊन बसलो. पुढे कितीतरी दिवस मामा शेडकडे फिरकले नाहीत. विनोद करणाऱ्यांचे दिवस मात्र फार चांगले गेले.

रेझिनवाल्यानं मग स्पिरिटलाही पुरून उरेल अशी दुसरी जात पाठवली. तिची बरणी माइनमुळ्याच्या लोणच्याची. ही जात पक्की व्हायला चांगली ऊब लागते, आणि नगरच्या उन्हाळ्यात उबेला काय तोटा? वाळवणाच्या जागी गच्चीवर टाकी, वर काळं कापड, आणि शेजारी छत्री घेऊन आत्या. तुकडा पंपावरच्या पेट्रोलात मुरत राहिला. मामा घाई करायला लागले की ती एवढंच म्हणायची, "मुरू द्या." पावसाळा मुरला, दिवाळी मुरली. शेवटी तिचं नख झिजलं, पण माइनमुळ्यावर रेघ उठली नाही.

टाकीचं झाकण चिकटवायच्या दिवशी आत्यानं मामांना दूध आणायला पिटाळलं आणि मला बॅटरी धरायला बोलावलं. मी आत उजेड टाकला. सीटकडच्या भिंतीवर, बरोबर मामांची पाठ येईल तिथे, रेझिनचीच उठावदार अक्षरं होती. टाकी उन्हात घालायच्या आधी बोटानं काढलेली, वाकडीतिकडी, शेवटच्या अक्षराचा उकार लांब ओढलेला: दगडू.

मी आत्याकडे बघितलं.

"भांड्यावर नाव घालत्यात का न्हाई?" ती म्हणाली. "तसंच त्ये. बोलू नगं कुनाला."

मग हात आत घालून तिनं एकेका अक्षरावरून नख फिरवलं. उमटलं नाही. तिनं झाकण बसवलं.

मिरजगावचा कार्यक्रम झाला. लोक पुन्हा बोलावले आणि पहिल्यापेक्षा जास्त आले. मामा टाकीला पाठ लावून बसले, हात वर केला आणि इंजिन सुरू झालं. धुरळा उडाला, फेटे उडाले, पलीकडच्या वस्तीवरच्या कोंबड्या रस्त्यावर गेल्या. आत्या तेवढा वेळ टाकीखाली वाकून बघत होती. एक थेंब नाही. माझी छाती अशी भरून आली की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, "ती टाकी आमच्या आत्यानं केलीय." त्यानं विचारलं नव्हतं. मग मी त्याच्या बायकोलाही सांगितलं.

इंजिन बंद झाल्यावर नारळ फुटला. जावांनी आत्याला गराडा घातला. आज सुटका नाही, लग्नातलं राहिलेलं आज घ्या, नाव घ्या. मामा खाली उतरत होते, ते तिथेच थांबले. एवढ्या वर्षांनी त्यांनाही ऐकायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

आत्यानं पदर सावरला आणि टाकीवर नखानं टकटक केलं.

"घेतलंय मी कवाच," ती म्हणाली. "मुरतंय आत."

बायका हसल्या, सरूबाईला लोणच्याशिवाय काही सुचत नाही म्हणाल्या. मामांनी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खोबरं खात राहिलो.