कफीलचा विमा

आमोद रिसबुडाला मार्चअखेरच्या आत एक पॉलिसी हवी होती. बारावी. अकरावर अडकला तर एजन्सी जाणार होती, आणि सासऱ्यांनी महाडच्या आपल्या दुकानात जावयासाठी राखून ठेवलेलं स्टूल त्याला आताशा स्वप्नात दिसायला लागलं होतं. ओळखीतली माणसं संपली, म्हशी संपल्या, टेंपो संपले. तेव्हा तो पोलादपूरला हसनभाईंच्या कुत्र्यापर्यंत येऊन पोचला.

हसनभाई अकरा वर्षं कुवेतला काढून परतले होते आणि आता दोन ट्रकांचे मालक होते. ट्रकांच्या आवारात राखणीला एक धिप्पाड कुत्रा होता. त्याचं नाव कफील. तिकडे ज्या मालकाच्या मर्जीशिवाय साधी रजाही मिळत नसे, त्याला कफील म्हणत. हसनभाईंनी तो सगळा राग इथे साखळीला बांधून ठेवला होता.

"उद्या हा कुणाला चावला, तर कायद्यानं जबाबदार तुम्ही," आमोद म्हणाला. "दवाखाना, भरपाई, कोर्टकचेरी! विमा असला की कंपनी बघून घेते."

"पन तो चावत नाय कुनाला," हसनभाईंच्या बायको हाजराभाभी म्हणाल्या.

"म्हणून तर स्वस्तात बसतोय, भाभी!"

फॉर्म भरला. 'कुत्रा यापूर्वी कुणाला चावला आहे काय?' नाही. 'स्वभाव?' मनमिळाऊ. हसनभाईंनी सही ठोकली आणि ते ट्रक घेऊन गेले. एकच रकाना उरला, ओळखीची खूण.

"शेपटीखाली पांढरा ठिपका हाय," भाभी म्हणाल्या.

आमोद प्रामाणिक एजंट होता. त्यानं शेपटी उचलून पाहिलं.

ठिपका होता. तो फॉर्मवर लिहायला आमोद पाठमोरा वळला, आणि मनमिळाऊ कफीलनं त्याला नेमका बसायच्या जागी धरला.

"या अल्ला! सोड रे त्याला! अवो, रगत येतंय!"

"येऊ दे! भाभी, कुणाला सांगू नका! फॉर्म बाद होईल!"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला पालथा झोपवला. "कुणाचा कुत्रा? मालक असेल तर बरं. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवू. तो धडधाकट राहिला तर इंजेक्शनं मध्येच थांबवता येतील."

केसपेपरवर हसनभाईंचं नाव चढलं की पॉलिसी गेलीच. "भटका होता," आमोद उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"मग ग्रामपंचायतीला सांगतो. पकडून आणतील, तुम्ही ओळखा."

"नको! तो... मेला."

"मेला? कधी?"

"मला चावला आणि लगेच."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते नर्सकडे वळले. "म्हणजे पिसाळलेलाच! तुळसाबाई, पुरी चौदा. पोटात."

सहाव्या दिवशी आमोदची अशी गत झाली होती, की मागून बसवत नव्हतं आणि पुढून वाकवत नव्हतं. त्यातच शाखेचे साहेब आले. कंपनीनं ह्या बाजूला कुत्र्याचा विमा कधी उतरवला नव्हता, त्यामुळे जनावर प्रत्यक्ष पाहायचं होतं. कफील साहेबांच्या बुटांवर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला. साहेबांनी त्याचं कानशील खाजवलं.

"कुणाला चावलाय का हो हा?"

आमोदनं भाभींकडे हात जोडून पाहिलं.

"खोटं कशाला बोलू? चावला की. ह्यांनाच."

स्टूल आमोदच्या डोळ्यांपुढे तरळलं. साहेबांनी फॉर्म चष्म्याजवळ नेला. "सही करायच्या आधी की नंतर?"

"सही झाली, मंग ह्यांनी शेपटी उचलली, मंग चावला."

"म्हणजे लिहिलं तेव्हा ते खरंच होतं," साहेब म्हणाले. "आणि शेपटी उचलल्यावर मीसुद्धा चावलो असतो. पाठवतो मंजुरीला."

आमोदला रडूच फुटायचं बाकी होतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तो तडक दवाखान्यात गेला. नऊ सुया वाचणार होत्या!

"डॉक्टर, थांबवा ती इंजेक्शनं! तो कुत्रा जिवंत आहे!"

डॉक्टरांनी हातातली सिरिंज खाली ठेवली. "मेलेला?"

"मेला नाहीच तो. आत्ताच भेटलो त्याला. भटकाही नाही. त्याचा विमा उतरवलाय मी!"

"विमा. कुत्र्याचा." डॉक्टर हळूच म्हणाले. "कधीपासून दिसतोय हा तुम्हाला?"

"अहो, दिसत नाही, आहे! कफील नाव त्याचं! कफील म्हणजे मालक. म्हणजे मालक नव्हे, कुत्रा. मालक हसनभाई!"

"बरं, बरं. शांत व्हा. तुळसाबाई, जरा पाणी द्या यांना."

तुळसाबाईंनी पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला. आमोदनं तो संतापानं भिरकावून दिला. "पाणी नको मला! घेऊन जा ते पाणी!"

पेला गडगडत कोपऱ्यात गेला. तुळसाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"डॉक्टर, पाण्याला भ्यायला लागला हो!"